दत्ताचा दम

मुलुंड, सोम. ४ जाने. १९८८
कुंदा घाटकोपरहून आली, डब्यात तिळाच्या वड्या. माझी धाकटी बहीण वड्या आणते तेव्हा काम असतं. त्यांच्याकडचं कबड्डी मंडळ रविवारी तिच्या नवऱ्याचा, दत्ताचा, सत्कार करणार. पसंत पडला तर पोरांचा कोच म्हणून ठेवतील. मानपत्र मी लिहायचं. "पेपरात रोज परक्यांवर लिहितोस, दादा. हा घरचा आहे."
घरचा आहे तीच तर पंचाईत.
एक वाक्य ती पाठ करूनच आली होती: 'ऐन अंतिम सामन्यात दैवाने त्यांचा दम हिरावला.' ते हवंच.

मंगळ. ५
लिहिणं पुढे सरकत नाही. संपाचं साल, मिलची टीम फायनलला, कुणालाच पगार नाही. दत्ताची शेवटची चढाई. कुणी धरलेलं नव्हतं. 'कबड्डी कबड्डी' चालू आणि मध्येच बंद. दम तुटताना आधी आवाज फाटतो, पातळ होतो. याचा नळ बंद करावा तसा थांबला. पेपरसाठी मी रेषेला लागूनच बसलो होतो. महिन्याभरात हा जिंकलेल्या बँकेच्या टीममध्ये, पर्मनंट नोकरीसकट.
दैव म्हणे. इंटरव्ह्यूलाही दैवच गेलं असेल.

गुरु. ७
घाटकोपर. त्यांच्या चाळीच्या जिन्यात विलास भेटला. मिलच्या टीममध्ये घोटा पकडावा तर त्यानेच. मिल गेली, आता रिक्षा चालवतो. "लिवा लिवा मानपत्र. विल्या अजून जिता आहे तेपण लिवा." मागून दत्ता येत होता. विलास भिंतीकडे बघून म्हणाला, "साहेब आले. आता कुठल्या बँकेने बोलावलंय?" दत्ता मान खाली घालून वर गेला.
कुंदाच्या पलंगाखाली संक्रांतीचं वाण, प्लास्टिकचे डबे. फायनलनंतर चाळीतली एकही बाई तिच्या हळदीकुंकवाला आलेली नाही. तरी दर वर्षी आणते. "यंदा सत्कार झाला की येतील. दम तुटला त्यात ह्यांचा काय दोष?"
तिला खरंच तसं वाटतं.

शुक्र. ८
पेंटरला मजकूर आज द्यायचा होता. दिला. दैवासकट. वेळेत देणं एवढं मला जमतं.
संध्याकाळी दत्ता माझ्या ऑफिसात.
"दैव घातलंत ना, दादा?"
"कुंदासाठी. तू थांबलास, दत्ता. मी कानांनी ऐकलंय."
"थांबलो. कोणी ढकललं नाय मला. नोकरी हवी होती, घेतली."
"मग रविवारी माईकवर सांग."
"आणि तिचं वाण कोण घेईल?"
चहासुद्धा सांगितला नाही मी त्याला.

रवि. १०
मानपत्र मीच वाचलं. 'दैवाने' म्हटल्यावर पुढच्या रांगेत कुणीतरी खाकरलं.
मग मानाची चढाई. सत्कारमूर्तीने आत जायचं, एखाद्याला शिवायचं, परत यायचं. कुणी धरत नाही, रीत आहे. मंडळाच्या पोरांत विलास बनियनवर उतरला. लोक हसले. दत्ता आत शिरला आणि विलासने घोटा धरला. सोडेचना. पोरं आधी गोंधळली, मग तीही अंगावर पडली.
विलास खालून: "सोड ना दम. तुला येतो सोडायला."
सोडला असता तर मानपत्र खरं ठरलं असतं, हसतखेळत सगळे घरी गेले असते. नाही सोडला. पोट सुटलंय, गुडघा गेलाय, आणि तो सगळा ढीग ओढत रेषेकडे. आवाज फाटला, पातळ झाला, पण चालू. बोटं रेषेला टेकली तेव्हाही चालू.
टाळी नाही. तुटायला आलेला दम कसा वाजतो ते सगळ्यांनी ऐकलं. फायनलला तो तसा वाजला नव्हता, आणि त्या दिवशी निम्मं मैदान याच लोकांनी भरलं होतं. विलास मातीत बसून म्हणत होता, "ऐकलंत? आता ऐकलंत?"
मानपत्र खुर्चीवरच राहिलं. मी उचललं नाही.

सोम. ११
मंडळ कोचचं 'कळवतो' म्हणालं. म्हणजे वाट लागली.
कुंदाचा ऑफिसात फोन, वाण्याच्या दुकानातून. "दादा, तू होतास ना फायनलला? तेव्हा आवाज कसा होता?"
"त्याला विचार."
"विचारलं. जेवतच राहिले."

शुक्र. १५
कुंदाचं हळदीकुंकू. बायकोला सोडायला म्हणून मीही गेलो. सतरंजी घातलेली, डबे रांगेत मांडलेले. माझ्या बायकोशिवाय कुणी नाही. दत्ता दारात, ना आत ना बाहेर.
दिवेलागणीला विलासची बायको आली. उंबऱ्याबाहेरच थांबली, चपला पायात. दत्ताला म्हणाली, "आमच्या ह्यांना तुमच्या तोंडून ऐकायचंय, भावोजी. तुटला की थांबवलात? खरं सांगितलंत तर कुंकू लावून घेते, नाहीतर जाते."
कुंदा करंडा घेऊन उभी राहिली. वाटलं, तिला आत बोलावेल. ती दत्ताकडे वळली. "सांगा. मलाही सांगा."
मी चपला घातल्या आणि जिना उतरलो. खरं काय ते मला ठाऊक आहे. तो काय सांगेल ते नाही, आणि ऐकायला थांबायचं नव्हतं.
बायको अजून घरी आलेली नाही.