गुळाच्या रंगाचा दगड

परभणी,
गुरुवार

प्रिय बन्सी,

तुला, राजेश्रीला आणि लेकरांना आशीर्वाद. तू कागद ठेवून गेल्यापासून तुझे फोन येतात आणि मी उचलत नाही. रुसले आहे असं समजू नकोस. तू स्पीकर लावून बोलतोस, शेजारी राजेश्री असते, ओट्यावर आणखी कोण टेकलेलं असतं ते मला इथून दिसत नाही. मला जे सांगायचंय ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले. तुझ्या रानात कामाला येणारी तानुबाई इथे पुन्हा डोळे दाखवायला आलीय, उद्या जिंतूरच्या एसटीने परत जाईल. तिच्या हाती देते. तिला वाचता येत नाही हे एका परीने बरंच. रानात एकटा असशील तेव्हाच हे उघड.

तुझं हक्कसोड पत्र देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवलंय. वकिलाने छान टाईप केलंय, ‘बहिणीने स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय.’ वाचायला घेतलं की मी त्या ‘स्वखुशी’पाशी अडते आणि पुन्हा घडी घालते. दादा वारले, बापाच्या रानावर आपल्या दोघांची नावं लागली, तेव्हा मीच म्हणाले होते, माझं नाव काढून टाक, मला काय करायचंय त्या रानाचं. तर तू म्हणालास, राहू दे अक्का, तुझं नाव असलं की सातबारा भरल्यासारखा दिसतो. मला ते इतकं गोड वाटलं होतं की घरी येऊन ह्यांना दोनदा सांगितलं. आणि परवा तू आलास ते चपला काढायच्या आधी पिशवीतून कागद काढलेस. म्हणालास, सोमवारी रजिस्ट्रीला यायचं, मी गाडी घेऊन येतो. मी मुद्दामच विचारलं, विहीर कुठवर आली रे? तू म्हणालास, बंद हाय सध्या, मजूर मिळंनात. एरवी गाय व्याली तरी सकाळी सहाला फोन करून वासराचा रंग सांगणारा तू!

मला विहिरीचं माहीत होतं, बन्सी.

चंपाषष्ठीच्या आधी तानुबाई आली होती. पदराची गाठ सोडून तिने माझ्या हातावर एक दगड ठेवला. पांढऱ्या चुनखडीचा, आणि त्यात गुळाच्या खड्यासारखे तांबूस खडे, मधे बारीक पिवळी चमक. म्हणाली, “माय, तुज्या भावाच्या हिरीत निघालाय. बग कसा चमकायलाय, भंडारा उधळल्यावानी. खंडोबाच हाय. मी टोपल्यातून उचलला, कुणाला सांगू नको.” मग म्हणाली, जिंतूरच्या कोण्या माणसाने सोनं आहे म्हणून सांगितलंय, तेव्हापासून तू दगडमाती वर ओढायची यारी बंद केलीस, विहिरीवर ताडपत्री टाकलीस आणि तिथंच बाज टाकून बसतोस. “हरभरा पान्यावाचून माना टाकायलाय, पर मालक खाली उतरू देईना कुनाला,” असं म्हणाली. मी हसले. म्हटलं, भाऊ आला की सांगेलच.

माहेरचा दगड म्हणून मी तो देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवला. षष्ठीच्या आदल्या दिवशी देव उजळायला घेतले, टाकांबरोबर यालाही लिंबू लावलं आणि घासणीने जोरात घासलं. तर तो फसफसला की! आणि वास कसला म्हणशील, नासक्या अंड्याचा. माझ्या माळकऱ्याच्या घरात, देव्हाऱ्यात! मी थेट वरच्या भाडेकरूच्या दारात जाऊन उभी राहिले. तो बिचारा बनियनवर पोहे खात होता, शपथेवर सांगत होता, मावशी, आज गुरुवार आहे, मी स्वतः पाळतो. खाली येऊन पाहते तर आमची प्रियांका दगड नाकाला लावून हसायलीय. म्हणाली, “आई, देव नाही बाटला, ह्यात गंधक आहे. बघ, तुझ्या खंडोबाला आमच्या कॉलेजात नेते.”

मीही बरोबर गेले. का गेले ते तुझ्यापासून लपवत नाही. सोनं हा शब्द माझ्याही कानात घुसला होता. दोन दिवस जप करताना मणी कुठे पोचला ते कळत नव्हतं. तू सांगेना, म्हणजे खरंच काही असेल, आणि असेल तर माझंही नाव आहे त्या रानावर, असं मनात येई. मग स्वतःचाच राग यायचा, मग पुन्हा तेच. म्हणजे दगडाने फक्त तुलाच धरलं असं नाही.

प्रियांकाच्या सरांनी दगड भिंगाखाली धरला, थोडी पूड केली, ॲसिड टाकलं. तोच वास आला. मग म्हणाले, हे जस्त आणि गंधकाचं खनिज आहे, गुळाच्या रंगाचे खडे ते. पिवळं चमकतं ते लोखंड आणि गंधक, सोनं नव्हे. चुनखडीत अशी छोटी घरटी सापडतात, टोपलं दोन टोपली निघतील आणि संपेल, याच्यावर खाण निघत नाही. मी विचारलं, म्हणजे किंमत काहीच नाही? तर म्हणाले, बाजारात नाही, पण आपल्या काळ्या दगडाच्या मुलखात हे मी पहिल्यांदा पाहतोय! माणूस इतका हरखला की मी एक तुकडा तिथेच देऊन आले. पैसे देत होते, घेतले नाहीत. देव्हाऱ्यात बसलेल्या वस्तूचं मोल कसं घ्यायचं? एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली, विहिरीला पाणी लागलं की पिण्याआधी तपासून घ्या. ते विसरू नकोस.

हे सगळं कळलं ते सोमवारी, आणि तू आलास मंगळवारी. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं ना? जिभेवर आलं होतं. पण तू बोलशील म्हणून मी थांबले, आणि तू बोलला नाहीस. तेव्हापासून कामात लक्ष नाही, वरणात मीठ दोनदा पडलं. आता सांगावं, तर तुला वाटेल, हिस्सा सोडायचा नाही म्हणून अक्का दगडाला वाईट म्हणतेय. गप्प राहून सही करावी असंही ठरवलं होतं. रान तर तुझंच आहे, माझ्या मनात त्याचा कधी वाद नव्हता. पेनसुद्धा उघडलं. आणि तुझं जेवण आठवलं.

आईच्या देव्हाऱ्यातला पितळी बाळकृष्ण खेळायला नेऊन तू ओढ्यात हरवलास, तेव्हा दिवसभर घरी आला नव्हतास. मी भाकरी घेऊन तुला हुडकत आले, तू कडब्याच्या गंजीआड होतास. माझ्याकडे पाठ करून खाल्लीस सगळी भाकरी. परवा माझ्या स्वयंपाकघरात तू तसाच जेवलास बन्सी, भिंतीकडे तोंड करून. मी आज सही केली, तर उद्या तो दगड निकामी आहे हे तुला कळणारच. मग तुला वाटेल, मी बहिणीला फसवलं, आणि तेही कशासाठी, तर कशासाठीच नाही. त्यानंतर तू माझ्या दारात येणार नाहीस. रागावला असतास तर तुला आणलं असतं समजूत काढून. लाजलेल्या माणसाला कुठून आणायचं?

म्हणून सही केलेली नाही, आणि हे पत्र त्यासाठीच आहे. ताडपत्री काढ, यारी चालू कर, हरभऱ्याला पाणी मिळू दे. हे वाचून चुलीत घाल, राजेश्रीला दाखवू नकोस. सोमवारी ये, पण वकिलाकडे नाही, आधी घरी ये. चहा होईपर्यंत थांब. मग एवढंच म्हण, “अक्का, आपल्या विहिरीत काहीतरी सापडलंय.” मी विचारीन, “काय रे सापडलं?” मला काहीच ठाऊक नाही असं धरून तू सगळं पहिल्यापासून सांग. मी ऐकीन. मग आपण दोघं रजिस्ट्रीला जाऊ.

तुझीच,
अक्का