अ‍ॅनिमोनने जागा बदलली

मयुरी,

तू झोपली होतीस, उठवलं नाही. मी आणि आई धुळ्याला तुझ्या सासरी जातोय.

उन्हाने काचेच्या टाकीतलं समुद्राचं पाणी उतरलंय. रेघेपर्यंत फिल्टरचं पाणी घाल, मीठ नको. उडतं ते पाणी, मीठ मागे राहतं.

आपलं अ‍ॅनिमोन, दिसतं फुलासारखं पण जिवंत प्राणीच तो, जुना दगड सोडून, पोवळ्यांना वळसा घालून काचेपाशी येऊन बसलंय. शेजारच्या अक्का म्हणतील, "उचलून ठेव पहिल्या जागी, रमेल हळूहळू." हात लावू देऊ नकोस. ओढलं की त्याचा पाय फाटतो, आणि हौस म्हणून ते जागा सोडत नाही.

संध्याकाळी तुझे कपडे, सर्टिफिकेटं घेऊन येतो. व्याह्यांनी चहा दिला तर पिईन. पोरीला कधी पाठवता विचारलं, तर अ‍ॅनिमोनचं सांगेन.

नाना