कंपनी विरुद्ध मी

३ मार्च, सकाळी ८
नोटीस! मला! रेकॉर्ड कंपनीची. म्हणे वेबसाइटवरची गाणी आठवड्यात काढा. कॅसेटींवरून एकेक गाणं कॉम्प्युटरवर उतरवताना माझ्या मानेला पट्टा लागला, आणि चोर मी? निश्चय : एकही काढणार नाही. तुरुंगात जाईन. बायको म्हणाली, जाण्याआधी नळ दुरुस्त करून जा.

४ मार्च
लढा सुरू. साइटवर जाहीरनामा टाकला : 'संगीत हवेसारखं आहे, हवेला मालक नसतो.' दोन लाइक. एक माझाच.

६ मार्च, दुपारी
वकिलाकडे. कुठल्या गाण्यांवर हरकत आहे, विचारत होता. म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. नोटिशीचं दुसरं पान वाचलंत का, म्हणाला. असल्यांचं एक पान वाचलं तेच उपकार!

७ मार्च
हुकमी पत्ता सापडला. ताई! माझी थोरली बहीण. तरुणपणी याच कंपनीसाठी अकरा गाणी गायली. रस काढून घेतला आणि चोथा फेकला मेल्यांनी. तिला साक्षीला उभी करणार. तिची गाणी मी जगापुढे ठेवली, नाहीतर कोण विचारत होतं?

९ मार्च
दुसरं पान वाचलं. हरकत फक्त अकरा गाण्यांवर. तक्रारदार : ताई.
सख्खी बहीण! फितवली हिला! उद्या जाब विचारणार. सात मुद्दे काढलेत. आवाज चढवायचा नाही. (पाचव्या मुद्द्यापासून चढवायचा.)

१० मार्च, संध्याकाळी
पहिल्याच मुद्द्याला ताईने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. तिचं गाणं. खाली 'गायक', आणि पुढे माझं नाव. अकराही गाण्यांवर. म्हटलं, तो रकाना आपोआप भरतो. ताई म्हणाली, फुकट वाट रे, माझं काय जातंय? पण नाव घाल म्हणून दोनदा सांगितलं, तर म्हणालास आवाज ओळखू येतोच की. परवा शिकवणीतल्या मुलीला म्हटलं, हे माझं गाणं. तिने फोनवर बघितलं आणि तोंड दाबून हसली.
उरलेले मुद्दे काढलेच नाहीत. ताईने चहाही विचारला नाही.

११ मार्च
अकरा गाण्यांवर तिचं नाव घातलं. मग बाकीची तपासली. सगळ्यांचा गायक मीच. बायकांच्या आवाजातल्या गाण्यांचासुद्धा. कॅसेटींची कव्हरं जागा अडते म्हणून कधीच रद्दीत घातली. कुठलं कुणी गायलंय, ते ताईच सांगू शकेल.
दोनदा फोन केला. उचलला नाही.