चावी मी दिली होती

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अक्षया आयसीयूत. पाय मांडीत मोडलाय, डोक्याला मार. डॉक्टर म्हणतात, वाट बघावी लागेल. चौदा वर्षांची पोर माझी —

क्लासला उशीर होत होता. "आई, स्कूटरची चावी दे ना लवकर." दिली. मीच दिली. पोळी तव्यावर होती, वळून बघितलंसुद्धा नाही तिच्याकडे.

१९ नोव्हेंबर

गंगूबाई गेली.

आमच्या दारात मासे घेऊन यायची ती गंगूबाई. पाटी डोक्यावर घेऊन चढ चढत होती आणि वरून अक्षया आली. गाडी आवरलीच नाही पोरीला. जिला बघितलं की गंगूबाई म्हणायची, "बाय, तुझ्यासाठी दोन बांगडे जास्ती गो," तिच्याच गाडीखाली! तिच्या घरी जायला हवं. पाय उचलत नाही. जाऊन बोलू काय?

२१ नोव्हेंबर

ही बॅटरीवरची स्कूटर घेताना दुकानदार म्हणाला होता, "वहिनी, पंचवीसच्या वर पळतच नाही ही. लायसन नको, पासिंग नको. मुलींसाठी एक नंबर." तेव्हा खरंही होतं ते. पण डबलसीट आमचा चढ चढेना, म्हणून हर्षदने स्पीडचं लॉक काढून आणलं. इथे चढ कुठे नाही? आमच्या आळीत सगळ्यांनीच काढलंय.

लॉक काढलं की कायद्याने ती इतर गाड्यांसारखीच गाडी झाली, हे आज वकिलांकडून कळलं. मग लायसन लागतं, पासिंग लागतं. तिच्या वयाला लायसन मिळतच नाही. गुन्हा आईबापावर. तीन वर्षांपर्यंत कैद. हर्षद सरकारी नोकरीत, शिक्षा झाली की नोकरी संपली.

हेल्मेट आणलंच नव्हतं. एवढ्याशा अंतराला कशाला, म्हणे. शहाणे आम्ही दोघं.

२२ नोव्हेंबर

सुटायला एकच वाट आहे, वकील म्हणाले. मुलीने गाडी आमच्या नकळत नेली, असं दाखवायचं. "तिला कोणी तुरुंगात घालत नाही हो, लहान आहे."

हर्षदने मान डोलावली. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पोर शुद्धीवर नाही आणि बाप तिला चोर ठरवायला बसलाय! मी सरळ म्हटलं, पोलिसांना सांगणार मी, चावी मी दिली म्हणून. तो ओरडला नाही. "मग तिच्या औषधपाण्याचं कोण बघणार, रसिका?" एवढंच म्हणाला.

२३ नोव्हेंबर

हर्षदशी बोलले नाही.

२५ नोव्हेंबर

डोळे उघडले! मी हात धरला तिचा. वाटलं, पाणी मागेल. म्हणाली, "गंगूबाई कशी आहे?"

बरी आहे, म्हटलं. तिने तोंड भिंतीकडे केलं.

२७ नोव्हेंबर

तिला सगळं कळलंय. काल ती झोपलीय असं समजून हर्षद आणि वकील तिच्या खाटेशीच बोलत उभे होते. मी औषधं आणायला खाली गेले होते. आल्यावर दोघांना बाहेर काढलं, पण उपयोग काय?

रडली नाही. आज दुपारी विचारते, "आई, पप्पांना पकडणार का गं?"

नाही गो बाय, तू झोप.

बघत राहिली माझ्याकडे. गंगूबाईला मारलं कोणी — तिने, की आम्ही? आम्ही, हे तिला सांगायला हवं. उद्या सांगते.

२८ नोव्हेंबर

नाही सांगितलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

जबाब घ्यायला पोलीस बाई आल्या होत्या, साध्या कपड्यांत. अक्षया म्हणाली, "चावी मी चोरून घेतली. आईला माहीत नव्हतं, पप्पांनापण नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "बरोबर आहे का?"

मी हो म्हटलं.