ओरडणाऱ्या आणि गप्प करणाऱ्या पेशी

अमरावती,
१२ मार्च १९६५

ती. चतुराताईस सप्रेम जयभीम.

इकडे सगळं ठीक. प्रॅक्टिकलच्या परीक्षा तोंडावर आल्यात आणि कॉलेजला बेडूक मिळेनात. भाऊजींचा खोकला कसा आहे?

रविवारी मुलगी पाहायला गेलो, त्याचं काय झालं ते तुला कळलंच असेल. चहाला हात न लावता उठलो, म्हणजे मुलगी नाकारली, असं तिच्या वडिलांनी, डोमाजींनी, धरलं. आपल्याकडे धरतातच. पण मी मनकर्णेमुळे उठलो नाही. म्हणजे तिच्यामुळेच, पण तसा नाही.

तिने विचारलं, "तुमी कॉलेजात काय शिकवता?" मी मास्तर माणूस, सुरूच झालो. डोळे, कान, कातडी यांच्याकडची बातमी मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या नाक्यावर येते. तिथून ती वर, मेंदूच्या सालीत जाते. तिथल्या काही पेशी ओरडून बातमी पुढे देतात, काही त्यांना गप्प करतात. आणि नाका दोघींनाही उठवतो. डोमाजी डुलक्या घेत होते. ही मात्र म्हणाली, "चूपच कराचं असन, तं ओरडनारीले उठवाचं काहून?"

ताई, इतकी वर्षं शिकवतोय, हे मला कुणी विचारलं नव्हतं. विचार करत उठलो तो थेट एसटीत. वाटेत मूर्तिजापूरला उत्तर सुचलं. ओरडणाऱ्या क्षणभर आधी, गप्प करणाऱ्या लगेच मागून. म्हणून बातमी नेमकी पोचते आणि गोंगाट माजत नाही. तिला एवढं सांग.

आणि डोमाजी वाशीमच्या स्थळाला होकार देणार आहेत म्हणे. ते थांबव, हात जोडतो. मला ती फार आवडली. हे तिथेच म्हणायचं होतं, पण माझ्या डोक्यात गप्प करणाऱ्यांचंच राज्य दिसतं.

तुझा,
देवमन

अकोला,
१६ मार्च

चि. देवमनले आशीर्वाद.

तुझं पत्र डोमाजीच्या घरी नेऊन वाचून दाखवलं. मेंदूचं मले काई समजलं नाही, त्याइलेही नाही. डोमाजी म्हणे, "पोरगा हुशार हाय, पन असा मधातूनच उठून जाईन तं पोरीनं काय कराव?" मनकर्णा म्हणे, "जाऊ द्या. उत्तर घेऊन वापस तं आला."

वाशीमवाल्याइले नाही म्हणून कळवलं. रविवारी ये, आन आल्यावर जास्त शिकवू नोको. तिनं हो म्हटलं हाय.

तुझी ताई