मानाच्या जोडीचा कासरा

८ जुलै, मंगळवार. रिसोड
सकाळीच बाचा फोन. पाऊसपाणी, तब्येत काही नाही, सरळ मुद्दा. "यंदा पोळ्याले मानाच्या जोडीचा कासरा जवाईबापूच्या हातात. सांग त्याले." ठेवला फोन.
रिठदले, माह्या माहेरी, पोळ्यात पहिली बैलजोडी आमच्या घरची. कासरा ज्याच्या हातात, तो घराचा वारस, हे गावात कोणाले समजवा लागत नाही. म्हणजे मंगेशनं इथलं मोटर वाइंडिंगचं दुकान बंद करून रिठदले जाऊन राह्याचं. मंग वावर, विहीर, संत्र्याची बाग, सगळं आमचं. नाहीतर काकाच्या गजूले. मी एकुलती एक, पण पोरगी ना.
मंगेशले सांगितलं. तो मोटरीत तार भरून राह्यला होता. मान वर न करता "बरं" म्हणे. त्याचं बरं म्हणजे नाही, हे मले लग्नाआधीपासून माहीत आहे.

१३ जुलै, रविवार
भांडण. बोलून बसले मी, "तुह्या बापाजवळ कधी वावर नव्हतं, तुले काय किंमत!" तो जेवला नाही. मंग मीही नाही. दुपारी आलूबोंडे घेऊन आला, पुडी मधात ठेवली. खाल्ले दोघांनी. शेवटचा त्यानं माह्याकडं सरकवला.
मले जमीन पाह्यजे. लपवू कायले, इथं कोण वाचते. बागेतली खालची ओळ मी लावली, बारावीच्या सुट्टीत, माय होती तेव्हा. त्या झाडाचे संत्रे गजू विकेल आणि मी रिसोडच्या गाड्यावरून किलोनं घेईन? जीव जळते माहा.
कायद्यानं मिळते म्हणतात. कोर्टात बाच्या समोर उभी राहू? तोंड पाहा.

२७ जुलै, रविवार
पाणी. मागची खोली गळून राह्यली. खाली गंज ठेवला, भांड्यात टपटप.
मंगेशनं जळक्या मोटरीतून पंखा बनवून दिला. खडखड करते मेला, पण हवा देते. इथं दोनच खोल्या, त्याही भाड्याच्या. पण उशिरा उठले तर कोणी विचारत नाही. रिठदले बा अंधारातच खाकरते, मंग सारं घर उठते. इथं मी मंगेशले तू म्हणते. तिथं तुमी म्हणा लागते, आणि तुमी म्हटलं की भांडताच येत नाही.

९ ऑगस्ट, शनिवार. रिठद
राखी. गजूले बांधली. स्वतःच विषय काढला त्यानं. "ताई, मले नको असं नाई म्हणत. मोठ्या बानं देली तर घेईन. पण मागितली नाई, लेकराची आन." राग याले पाह्यजे होता. आला नाही. साडी देली गधड्यानं, रंगही चांगला निघाला.
बा ओसरीवर.
"जवाईबापू नाई आले?"
"दुकान हाये."
"दुकान!" म्हणून थुंकला. मी तशीच उठले, पहिल्या जीपनं परत.

१४ ऑगस्ट, गुरुवार
आज मंगेश बोलला एकदाचा. "तुमच्यात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीनं मळतात, कानात सांगतात ना, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या? बैलाले आवतन. मले नुसता निरोप, तोही बायकोच्या तोंडून. तुहा बा या दुकानाची पायरी चढला का कधी?"
हसू आलं. मंग गेलं. खरं बोलला तो.

१७ ऑगस्ट, रविवार
बाले फोन केला. म्हटलं, जवाई पाह्यजे तर इथं येऊन विचारा.
"देऊन मी राह्यलो, आणि हातही मीच जोडू?"
"हो. जोडा."
फोन मीच ठेवला. जिंदगीत पहिल्यांदा.

२१ ऑगस्ट, गुरुवार
बाप्पा! आला बा!
खांदे मळून तसाच निघालेला, बोटं पिवळीधम्मक. टोपी काढून स्टुलावर बसला. मोटरी पाहिल्या, चहा पेला. जमिनीचं नाही काढलं, कासऱ्याचं नाही काढलं. उठताना म्हणाला, "मंगेशराव, उद्या जेवाले या." मंगेशराव! लग्नापासून नाव कधी घेतलं नव्हतं. मंग माह्याकडं पाहून, "तूही ये वं."
तो गेल्यावर मंगेशनं बाचा कप विसळला. मंग म्हणे, "चाल, जाऊ राह्याले. आता मनाले लागत नाई. मोटरी काय, रिठदलेही जळतात."
मी नाचाले पाह्यजे होतं. तो मेला पंखा खडखड करून राह्यला होता, आणि रडू फुटलं.
"काय झालं वं? तुलेच पाह्यजे होतं ना?"
"हो."
"मंग?"
मी पदरानं नाक पुसलं. मंग त्यानंच ठरवून टाकलं, "उद्या कासरा धराच्या आधी तुह्याकडं पाहीन. तू मान हलवली तर धरतो. नाई हलवली तर गजू धरीन. माहं काही म्हणणं नाई."
घ्या. सगळं माह्या मानेवर.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा. रिठद
पुरण झालं. पोळ्या बाकी. माजघरात बसून लिहून राह्यले.
बाहेर बैलांवर झुली चढवल्या. बा आणि मंगेश विहिरीच्या मोटरीवरून वाद घालून राह्यले, हसूनही राह्यले. बाले हसताना पाहून किती दिवस झाले. गजूनं शिंगाले बेगड लावून देली, मुकाट्यानं.
मघाशी बा म्हणाला, "बाई, मायची खोली झाडून घेतली तुमच्यासाठी. पाहून ये." पाहिली. भिंतीले चुना, खिडकीतून माह्या ओळीतले संत्रे दिसतात, हिरवे, लगडलेले. छताले नवा पंखा. बटन दाबून पाहिलं. काहीच आवाज नाही करत.
त्या खोलीत बसून मी मंगेशले तू कशी म्हणू?
डफडं सुरू झालं. जोडी तोरणाकडं निघाली असेल. दोघंही हाका मारून राह्यले, एक बाई म्हणून, एक सपना म्हणून. मले दोन्ही पाह्यजे, हे कोणाले सांगू? मान हलवाची का नाही, अजून
जाते.