शिरूरच्या दारातला उपास

आई,

दौंडची माझी मैत्रीण परवा घरी मुक्कामाला आली आणि म्हणाली, "मावशींनी त्या दिवशी माझ्यासाठी जे केलं होतं, ते मला करून दे." म्हणून हे लिहायला बसले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्याशी बोलायची सवय मोडली आहे. पण या मागणीचं मी काय केलं हे सांगायला दुसरं कोणी नाही, कारण तिच्याविषयी तू काय म्हणाली होतीस हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही.

बी.ए.ची परीक्षा संपली त्या मे महिन्यात आम्ही दोघी मुंबईला निघालो, तेव्हा तू शिरूरला मिशनच्या बोर्डिंगातल्या चुलीपाशी, सुट्टीत घरी न गेलेल्या मुलींची आमटी ढवळत होतीस. मागे न बघता म्हणालीस, "जा. पन ती तुझ्यासंगं काय खाती आन् काय न्हाई, तेवढं बघ." मला राग आला. आम्ही चार वर्षं एका बाकावर बसतो, ती असली नाही, असं मी तुला सुनावलं. "बाकावर कुनीबी बसतं," तू म्हणालीस. "ताटाचं बोल."

ते वाक्य घेऊन मी मुंबईभर हिंडले. उतरलो होतो मिशनच्या वसतिगृहात, तिथला स्वयंपाक सुट्टीमुळे बंद. त्यामुळे सकाळपासून बाहेर खायचं आणि तेही तिने ठरवायचं. तिला मुंबई पाहायची नव्हती, खायची होती. इराण्याच्या हॉटेलात संगमरवरी टेबलावर बनमस्का येतो. माझ्या बशीतला उष्टा अर्धा बन ती सरळ उचलते, चहात बुडवते, चहावर लोणी तरंगतं आणि तिला हसू येतं. तुझी शंका खोटी ठरली म्हणून मी खूश व्हायला हवं. पण मी बघते आहे, घास तोंडात जाण्याआधी तिची नजर दाराकडे जाते. भेळेच्या गाडीवर तेच, उडप्याकडे डोसा खाताना तेच, फालुद्याचा चमचा उचलतानाही तेच. तिचे वडील रेल्वेत गार्ड. निम्मं दौंड रेल्वेत, आणि रेल्वेचं माणूस मुंबईत कुठूनही उगवू शकतं. माझ्याबरोबर खाताना हिला कोण बघेल अशी भीती वाटते, हे मला विचारता येईना आणि विसरताही येईना.

गिरगावातल्या एका खानावळीत मालकाने दारातच विचारलं, "कुठल्या तुम्ही? कोण?" मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "दौंडच्या. बहिणी आहोत." ताटं आली. वरणभात, वालाची उसळ, पोळी. आपल्या घरात प्रार्थनेशिवाय घास उचलला तर तुझा डाव पाठीत बसायचा, त्यामुळे माझे हात आपोआप जुळले आणि डोळे मिटले. टेबलाखालून सणसणीत लाथ बसली. "डोळं उघड, बये!" तोवर मालक येऊन उभा. "काय झालं हो यांना?" "चक्कर येती तिला. उनाची." त्या भल्या माणसाने आत जाऊन कांदा फोडून आणला आणि माझ्या नाकाशी धरला. ती पदरात तोंड खुपसून हसत होती. मी नाही हसले. बाहेर पडल्यावर म्हणाले, "तू मला लपवलंस." "लपवलं न्हाई," ती म्हणाली, "जेवू घातलं."

शिरूरला आल्यावर मी हे तुला सांगितलं. कांद्याचं ऐकून तू हसशील असं वाटलं होतं. तू म्हणालीस, "बहीन म्हनली? मग बहिनीच्या घरी जेवायला बोलव तिला."

ती आली. भर दुपारच्या एसटीने, धुळीने माखलेली. तू सकाळी घरची कोंबडी कापली होतीस, पाट्यावर मसाला वाटला होतास, भाकऱ्या थापून ठेवल्या होत्यास. ती उंबऱ्याबाहेरच थांबली. "मावशी, आज उपास हाय माझा." तू म्हणालीस, "बरं. रताळं उकडते." "निर्जळी हाय." तू तिच्याकडे बघत राहिलीस. "एवढ्या उनाची आलीस, पानीबी न्हाई?" "न्हाई." ती ओसरीवर बसली, सुकल्या ओठांनी काहीबाही बोलली आणि पुढच्या गाडीने गेली. तू पातेल्यावरचं झाकण काढलंस. "आपल्या दारात आलं की लोकांना उपास लागतो. बस तू जेवायला." मी जेवले. तू जेवली नाहीस.

तू गेल्यावर ती माझ्याकडे कितीदा तरी जेवली. पण ते मला कधी पुरलं नाही. ती खात असताना मी मनात म्हणायची, आता हिला काय, आता बोलणारं कोण उरलंय. परवा तिने मागणी केली तेव्हा मी सरळ विचारलं, "त्या दिवशी उपास होता का?"

"न्हवता," ती म्हणाली. "आईनं शपथ घातली होती. धाकटीचं लग्न जमत होतं. मुंबईत खाल्लं ते मुंबईत ऱ्हाईल, शिरूरचं दौंडात येईल, म्हनली."

"मग निर्जळी कशाला?"

"मावशी रताळं म्हनल्या. ते त्याच चुलीवरचं. मग पुरतंच खोटं बोलावं लागलं." आणि म्हणाली, "पानी तरी प्यायला पायजे हुतं गं."

म्हणजे तू बरोबर होतीस. तुला हे कळवावं असं वाटलं, आणि कळवताना बरं वाटत नाही.

तिला ते जेवण माझ्या घरी बसून नको होतं. "डब्यात दे. रविवारी धाकटी येनार हाय, सुना हायत, नातवंडं हायत. पंगतीत बसून खाते."

"कोणाचं म्हणून सांगशील?"

"शिरूरच्या मावशींचं."

"मावशी कोण, ते?"

ती वैतागली. "मिशनच्या बोर्डिंगात सैपाक करायच्या, ख्रिस्ती हुत्या, आन् त्यांची लेक मास्तरीन असून पोलिसावानी इचारती. झालं? आन् एवढा इश्वास न्हाई तर चल की संगं. बघ डोळ्यांनी."

मी कोंबडी केली. तुझ्यासारखी झाली नाही. पण तिच्याबरोबर गेले नाही. तिला म्हणाले, घरी कामं आहेत. कामं नव्हती. वाटेत डबा कोणाला तरी देऊन टाकला, किंवा पंगतीत नुसतं 'मैत्रिणीनं दिलंय' म्हणून भागवलं, तर ते मला बघायचं नव्हतं. जन्मभर मी बघतच आले, या वेळी धीर झाला नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तेव्हा एवढं लिहायला हरकत नाही.

आज रविवारी सकाळी शिरूरच्या एसटी स्टँडवर तिच्या हातात दिलं ते असं: तीन पुडांचा डबा, खाली रस्सा, मध्ये सुकं, वर ज्वारीच्या भाकऱ्या. आणि वेगळ्या फडक्यात बांधलेला एक वाटा, तिच्या धाकट्या बहिणीसाठी. तो तिने मागितला नव्हता.